मामांची गिटार आधी मामांनाच वाजवू द्या

अमळनेरच्या एका शिक्षिका भगिनींचे पत्र आले आहे. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या आईला घेऊन भुसावळला मामांकडे गेल्या होत्या. तेथे ऐंशी ओलांडलेल्या मामांनी त्यांना पलंगाखालची लाकडी पेटी ओढायला लावली आणि “पोरी, आते हाई तुनी शे” (आता ही तुझी आहे) एवढेच म्हणून तिच्यातली जुनी गिटार त्यांच्या स्वाधीन केली. मामा रेल्वेत नोकरीला होते. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या कुटुंबाकडून त्यांनी ही गिटार हप्त्यांनी विकत घेतली आणि पुढे पुष्कळ वर्षे गणेशोत्सवात, लग्नसमारंभांत ते ऑर्केस्ट्रात वाजवत असत. गेली तीसएक वर्षे मात्र पेटी उघडलेलीच नव्हती.

गिटारच्या अवस्थेविषयी त्यांनी नेमकेपणाने लिहिले आहे. व्हायोलिनसारखी फुगीर पाठ-छाती, दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘एफ’च्या वळणाची छिद्रे, आत अर्धवट फाटलेल्या कागदावर ‘बुबेनरॉयट’ आणि ‘जर्मनी’ एवढीच वाचता येणारी अक्षरे. खालच्या अंगाला चार बोटे लांबीची एक चीर. पाठीचा सांधा एका ठिकाणी उकललेला. सहापैकी दोनच तारा शिल्लक. खुंट्यांची बटणे हात लावताच भुगा होणारी. तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या लाकडी पट्टीपासून, जवळजवळ एक सेंटिमीटर उंच आहेत, आणि तिच्यावरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र “अगदी नव्यासारखे आहेत, म्हणजे मामांनी ती फारशी वाजवली नसावी”. दुकानदाराचे म्हणणे असे की मान वाकलेली आहे, ती घासून नवा फिंगरबोर्ड बसवू, शिवाय जुने पॉलिश खरवडून पीयू (पॉलियुरेथेनचे चकचकीत पॉलिश) मारू, म्हणजे गिटार नवी दिसेल. मामेभावाचे मत आहे की विकून टाकावी. पेटीत एक गुळगुळीत, जड लोखंडी कांडी आणि अंगठीसारख्या तीन नख्याही आहेत. “ती कांडी गिटारच्या कुठल्या भागातून निसटली आहे ते कळत नाही,” असे त्या लिहितात. राखीपौर्णिमेला मामा आईकडे अमळनेरला येतील, तोपर्यंत गिटार वाजती होईल काय, आणि पॉलिश करून घ्यावे काय, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

ती कांडी कुठूनही निसटलेली नाही. आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. ती हातात धरून तारांवरून सरकवायची असते आणि त्या तीन नख्या उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे यांत घालायच्या असतात. आपले मामा हवाईयन गिटार वाजवत होते. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हाताने फ्रेटवर तारा दाबायच्या नाहीत, तर कांडी तारांवर हलकी टेकवून ती एका सुरावरून दुसऱ्या सुरावर ओढत न्यायची, अशी ही पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या तरुणाने ती रूढ केली असे मानतात. कोलकात्यात आणि मुंबईत ती गेल्या शतकाच्या मध्याला इतकी रुजली की चित्रपटगीतांची धून हवाईयन गिटारवर वाजवणारा एक तरी माणूस बहुतेक ऑर्केस्ट्रांत असे. व्हॅन शिप्ले यांनी ती चित्रपटसंगीतात घरोघरी पोहोचवली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले, आणि 1994 साली ग्रॅमी मिळवणाऱ्या विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हीसुद्धा याच कुळातली आहे. ज्या मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्यासाठी, सतारीवर तार आडवी खेचावी लागते, ती मींड या वाद्यात नुसती कांडी सरकवली की निघते. आपल्या कानांना हे वाद्य इतके चटकन का भावले, याचे कारण तेवढ्यात आहे.

एकदा ही गोष्ट ध्यानात आली की आपल्या पत्रातल्या बाकीच्या खुणा आपोआप उलगडतात. फ्रेट नव्यासारखे राहिले, कारण त्यांच्यावर तार कधी दाबलीच गेली नाही. नेहमीच्या पद्धतीने दहा वर्षे वाजवलेल्या गिटारच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी खोल खाचा पाडलेल्या असतात, तशा खाचा येथे असणे शक्य नव्हते. तेव्हा मामांनी गिटार कमी वाजवली असे कृपया समजू नये. नख्यांच्या टोकांकडे नीट पाहा; त्या एका बाजूने झिजलेल्या असतील, आणि तेथे आपल्याला मामांची वर्षे दिसतील.

तारा एक सेंटिमीटर उंच असण्याचे कारणही हेच असावे. गिटारच्या डोक्यापाशी, जेथून तारा मानेवर उतरतात, तेथे खाचा पाडलेली हाडाची किंवा प्लास्टिकची एक बारीक आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. नेहमीची गिटार हवाईयन पद्धतीने वाजवायची झाली म्हणजे त्या नटवर खोबणीसारखी एक धातूची उंच पट्टी नुसती वरून बसवतात, म्हणजे तारा उचलल्या जातात आणि कांडी फ्रेटला घासत नाही. ती स्क्रूने किंवा सरसाने पक्की केलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात नटच्या जागी जे रुपेरी दिसते आहे ते बहुधा हेच आहे. उरलेल्या दोन तारा हळूहळू सैल करा आणि ती पट्टी बोटांनी उचलून पाहा. ती निघाली, तर मानेला बाक आहे हा निष्कर्ष काढण्याची घाई झाली असे समजावे. त्यानंतर मान सरळ आहे की नाही ते घरीच पाहता येते: एक लांब पोलादी फूटपट्टी फ्रेटवर कडेने उभी धरा आणि मागून उजेड येऊ द्या. सातव्या फ्रेटच्या आसपास पोस्टकार्ड जाईल इतकी फट असेल तर ती हवीच असते. फट त्याहून बरीच मोठी असेल तरच मानेचा विचार करावा लागेल, आणि तोही घासण्याचा नव्हे. मान एकदा घासली की ते लाकूड परत आणता येत नाही.

नटला चिकटूनच आणखी एक फ्रेट असेल तर तो चुकून जास्तीचा बसवला आहे असे कोणी म्हणेल. त्याला काढू देऊ नका. त्या काळच्या अनेक जर्मन गिटारींत तसा शून्य क्रमांकाचा फ्रेट मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तारांची उंची तोच ठरवतो.

आता त्या फाटक्या कागदाविषयी थोडे लिहितो, कारण गिटारला आत कागद आहे यावरून ती जुनी आहे एवढाच अर्थ घेऊन पुष्कळ लोक थांबतात. बोहेमियातील शोनबाख या गावात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील लुबी येथे, पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन आणि गिटार घडवणारी जर्मनभाषक कुटुंबे राहत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना तेथून घालवून देण्यात आले आणि त्यांतली बरीच कुटुंबे 1949 पासून बव्हेरियातील बुबेनरॉयट या लहानशा खेड्यात वसवली गेली. कार्ल हॉफनर यांनी 1887 मध्ये शोनबाखला सुरू केलेला कारखानाही पुढे तेथेच गेला. त्याखेरीज लहान-मोठे कितीतरी कारागीर त्या गावात घरी बसून गिटारी बांधत असत. तेव्हा आपली गिटार कोणत्या हाताची आहे हे कागदाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावरून सांगता येत नसले, तरी ती 1949 च्या नंतरची आहे आणि घरदार सोडून आलेल्या माणसांच्या गावात घडलेली आहे, एवढे निश्चित म्हणता येते. पुढे ती ज्या कुटुंबाकडून मामांकडे आली तेही देश सोडून निघालेले होते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो कागद ओल्या फडक्याने पुसू नका, चिकटपट्टीने डकवू नका. आरशाच्या साहाय्याने त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्या आणि त्याला तसाच राहू द्या.

पॉलिशविषयी माझे उत्तर सरळ नाही असे आहे. जुन्या गिटारवर लाखेचे किंवा सेल्युलोजचे अगदी पातळ पॉलिश असते, आणि त्याच्याखालची वरची तबकडी जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. आवाज त्या तबकडीच्या थरथरण्यातून येतो. जुने पॉलिश काढायचे म्हणजे सँडपेपर लावायचा, म्हणजे लाकूडही थोडे जाणारच, आणि त्यावर पीयूचा जाड थर द्यायचा म्हणजे उरलेल्या लाकडाला कवच घालायचे. माझ्या वडिलांचे मेंडोलिन मी विशीत असताना एका दुकानात असेच ‘नवे’ करून घेतले होते. आरशासारखे लखलखीत होऊन ते परत आले, मी आनंदाने तार छेडली, आणि तांब्यावर फडके गुंडाळून वर टिचकी मारावी तसा आवाज निघाला. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या अंगठ्याने वर्षानुवर्षे झिजून पिवळट झालेली जी जागा होती तीही त्या चकाकीखाली नाहीशी झाली होती. ते आता कोणालाही परत करता येणार नाही, आणि म्हणूनच आपल्याला हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे. जळगावच्या सराफ बाजारात आजीचा दागिना घेऊन गेल्यावर जाणता सराफ आधी भिंग काढतो, मोडीची गोष्ट नंतर करतो. मामांच्या गिटारला तेवढा मान मिळायला हवा.

स्वच्छता मात्र अवश्य करा, आणि ती आपण स्वतः करा. जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घ्या, तो ओला करून घट्ट पिळा, इतका की हाताला गार लागेल पण पाणी दिसणार नाही, आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा पुसून लगेच कोरड्या तुकड्याने टिपा. खोबरेल, रॉकेल, फर्निचरचा फवारा, यांपैकी काहीही लावू नये. फिंगरबोर्डवर स्पिरिट तर मुळीच नको, कारण त्या काळच्या कित्येक जर्मन गिटारींत साधे लाकूड आबनुसासारखे दिसावे म्हणून काळे रंगवलेले असते आणि स्पिरिटने तो रंग फडक्यावर येतो. पेटीला कुबट वास येतो असे आपण लिहिले आहे. आपल्याकडे अशा वेळी ऊन दाखवण्याची रीत आहे, बिबडे-पापड वाळतात त्याच गच्चीवर गाद्या आणि पेट्याही निघतात. रिकामी पेटी खुशाल उन्हात ठेवा. गिटार मात्र एक मिनिटही उन्हात ठेवू नका. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतही नको. तिचे सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचे, आहेत आणि सरस उष्णतेने सैल पडतो.

पाठीचा जो सांधा उकलला आहे तो पाहून आपल्याला वाईट वाटले, हे स्वाभाविक आहे. पण मला त्यात एक चांगली गोष्ट दिसते. वैशाखात भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसते. आकसणाऱ्या लाकडाला कुठेतरी जागा द्यावीच लागते, आणि सरस लाकडापेक्षा दुबळा असल्यामुळे तो आधी सुटतो. सांधा सुटला म्हणूनच पाठ फुटली नाही. व्हायोलिन बांधणारे आणि कित्येक गिटार बांधणारे आजही सरस सोडत नाहीत याचे मोठे कारण हेच आहे: गरम पाण्याने तो पुन्हा मोकळा होतो आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. त्या फटीत पांढरा फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारे द्रव कोणी घातले, तर ते लाकडात मुरते, पुढे त्यावर सरस धरत नाही, आणि उद्याच्या कारागिराला प्रत्येक वेळी लाकूड खरवडावे लागते. दुरुस्ती करणाऱ्याला आपण एवढा एकच प्रश्न विचारावा की हे काम पुन्हा उलगडता येईल काय. जो कारागीर या प्रश्नाने चिडणार नाही, त्याच्या हाती गिटार द्यायला हरकत नाही.

असा माणूस खानदेशात कुठे मिळेल, हे आपण विचारलेले नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. गिटारच्या दुकानाऐवजी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा जुना कारागीर शोधा. हार्मोनियमचा भाता आणि लाकडी सांधे सांभाळणाऱ्या माणसाला सरस पातळ किती करायचा, क्लॅम्प किती आवळायचा आणि तो रात्रभर का ठेवायचा, हे सांगावे लागत नाही. सांध्याचे काम त्याच्याकडून होईल. चिरेचे काम त्याच्याकडे देऊ नये; ते गिटार बांधणाऱ्याचेच काम आहे आणि त्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागेल, पण ते आता नाही.

चीर किती गंभीर आहे हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. गणपतीच्या आराशीतली लहान दिव्यांची माळ, जी गरम होत नाही अशी, ‘एफ’च्या छिद्रातून अलगद आत सोडा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि ती लावा. जेथून उजेडाची रेघ बाहेर येईल तेथे लाकूड आरपार उघडे आहे. दिवसा डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीही अशा दिसतात. उकललेला सांधा कोठे सुरू होऊन कोठे संपतो तेही कळते. त्या रेघांच्या दोन्ही टोकांशी कागदी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून छायाचित्र काढून ठेवा. मग बोटाच्या पेराने तबकडीवर सर्वत्र हलके ठोकत जा. आतल्या आधाराच्या पट्ट्या धडधाकट असतील तर आवाज भरीव येईल. एखाद्या ठिकाणी खडखड किंवा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तेथली पट्टी सुटली आहे असे समजा. आता निर्णय असा: चीर खालच्या कडेशीच असेल, घोडीच्या, म्हणजे तारा ज्याच्यावरून जातात त्या उभ्या तुकड्याच्या, पायापर्यंत पोहोचत नसेल आणि कुठे खडखड नसेल, तर राखीपर्यंत गिटार हलक्या तारांनी वाजू द्यायला हरकत नाही. चीर घोडीखाली जात असेल तर एकही तार चढवू नका, मग राखी हुकली तरी चालेल.

चिरेचे काम दिवाळीनंतर करा असे मी म्हणतो, त्यालाही आपली हवाच कारण आहे. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते आणि चीर आपोआप मिटल्यासारखी दिसते. त्या अवस्थेत ती चिकटवली तर पुढच्या चैत्रात लाकूड आकसताना शेजारीच नवी चीर पडण्याचा धोका असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के असताना हे काम करावे. कारागीर चीर जुळवून आतल्या बाजूने स्प्रूस या हलक्या लाकडाच्या नखाएवढ्या पातळ चकत्या आडव्या रेषेत चिकटवील. बाहेरून लांबी (पुट्टी) किंवा लाकडाचा भुसा भरून चीर ‘बुजवणारा’ मनुष्य मात्र आपल्या गिटारचा शत्रू समजावा.

गिटार जेथे ठेवाल तेथे काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रता मोजण्याचा छोटा काटा पेटीत ठेवा. कूलरच्या खोलीत तिला ठेवू नका. आपल्याकडच्या घराघरांत उन्हाळ्यात कूलर असतो, आणि रात्रभर कूलरची ओली हवा, दिवसभर भट्टीची कोरडी हवा, असा जो हेलकावा रोज बसतो तो लाकडाला नुसत्या कोरडेपणापेक्षाही जड जातो. उन्हाळ्यात काटा 40 च्या खाली गेला की छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला स्पंजचा तुकडा घालून ती पेटीत डोक्याच्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात स्पंजऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच.

खुंट्यांच्या बटणांचा भुगा होतो आहे, ते जुन्या प्लास्टिकचे वार्धक्य आहे. बटणे बदला, खुंट्या बदलू नका. दातेरी चाके हलत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब त्यांना पुरेल. नव्या खुंट्यांची भोके जुन्यांशी सहसा जुळत नाहीत, आणि ती जुळवण्यासाठी डोक्याच्या लाकडात नवी भोके पाडली जातात.

आता तारा. या प्रकारच्या गिटारमध्ये घोडी चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबावर नुसती उभी असते, सतारीच्या घोडीसारखीच. म्हणून उरलेल्या दोन तारा काढण्यापूर्वी तिच्या पायांच्या कडांशी कागदी चिकटपट्टी लावून जागा नोंदवा. ती याआधीच सरकलेली असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजा. बाराव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत तेवढेच, आणि वर दोन-तीन मिलिमीटर, अंतर असायला हवे. जाड तारांचा नेहमीचा संच सुरात लावला की गिटारवर सुमारे 70 किलोचा ताण येतो, आणि तीस वर्षे विसावलेल्या लाकडावर तो एकदम घालणे योग्य नाही. दुकानात ज्याला ‘झिरो टेन’ म्हणतात तो पातळ तारांचा पोलादी संच घ्या, सर्व तारा आधी दोन पट्ट्या खाली लावा आणि आठ दिवस तशाच राहू द्या. या आठ दिवसांत चिकटपट्टीच्या खुणांकडे रोज एकदा पाहायचे. चीर खुणेपलीकडे गेली तर तारा लगेच सैल कराव्या. नाही गेली, तर गिटार राखीसाठी तयार आहे.

आणि येथे मी आपल्याला एक आग्रहाची विनंती करतो. ती रुपेरी उंच पट्टी पुन्हा नटवर बसवा आणि गिटार आधी मामांच्या पद्धतीनेच वाजती करा. याला भावनेपलीकडे चांगली कारणे आहेत. कांडीने वाजवताना फ्रेटची पातळी, मानेचा बारीकसा बाक, तारांची उंची, यांपैकी कशाचीही अडचण होत नाही, म्हणजे सर्वांत खर्चिक आणि सर्वांत धोक्याची कामे आज करावीच लागत नाहीत. मामांच्या बोटांना कंप आहे आणि सकाळी ती आखडतात असे आपण लिहिले आहे. त्या बोटांनी आता फ्रेटवर तार दाबता आली नसती. पण मांडीवर उशी, उशीवर गिटार आणि हातात कांडी, एवढे त्यांना जमेल असे मला वाटते, कारण या वादनात दाब लागत नाही, कांडीचे वजनच काम करते. पुढे आपल्याला किंवा आपल्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने शिकायचे असेल तेव्हा ती पट्टी उचलली की झाले. दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

मामेभावाशी मात्र राखीच्या आधी बोला. गिटार मामांनी स्वतःच्या हाताने, सर्वांसमोर आपल्याला दिली आहे, त्यामुळे हक्काचा प्रश्न उरत नाही. पण ज्या घरातून ती निघाली तेथे तिच्या जागी एक रिकामी जागा राहिली आहे, आणि “विकून टाक” हे शब्द पुष्कळदा अशाच जागेतून येतात. त्यालाही त्या दिवशी बोलवा. विक्रीचाच विषय निघाला तर त्याला एवढे सांगा की कारागिराचे नाव न सापडलेल्या अशा गिटारची किंमत लोक समजतात तितकी नसते, आणि पीयू मारल्यावर तर आहे तीही राहत नाही.

राखी बांधून झाल्यावर, गिटार मामांच्या मांडीवर देण्यापूर्वी, त्यांना तारांची जुळणी विचारा. हवाईयन वादक बहुधा सहाही तारा मिळून एकच स्वरमेळ वाजेल अशा लावतात, पण प्रत्येक वादकाची सवय वेगळी असते, आणि मामांची सवय आज फक्त मामांच्या कानांत आहे. घरात हार्मोनियम असेल तर ती जवळ ठेवा. मामा एकेक तार गुणगुणतील, आपण पेटीवर तो स्वर शोधा आणि वरून खाली सहा ओळींत लिहून घ्या. कुठलीही तार नेहमीच्या सुरापेक्षा वर जात असेल तर सगळा मेळच दोन पट्ट्या खाली घ्या. मामांच्या कानाला स्वरांमधले अंतर तेच राहील आणि जुन्या तबकडीवरचा ताण वाढणार नाही. त्या सहा ओळींची एक प्रत गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून लावून ठेवा आणि एक मला पाठवा, म्हणजे त्या जुळणीला कोणती तार किती जाडीची हवी हे मी आपल्याला नेमके कळवीन.